तीन मिनिटे भरभर, तीन मिनिटे सावकाश

‘व्यायाम करायला हवा हे कळते हो डॉक्टर, पण वेळच मिळत नाही.’ दवाखान्यात दिवसातून चार-पाच वेळा तरी हे वाक्य कानावर पडते. ते खोटे असते असेही नाही. दुकानदार सकाळी शटर उघडतो तो रात्री नऊलाच बंद करतो. तालुक्याच्या गावी नोकरी असलेल्यांचे दोन-तीन तास एस.टी.च्या येण्याजाण्यात जातात. घरातल्या बाईला तर पहाटेपासून उसंत नसते. दुसऱ्या बाजूला असेही लोक आहेत की, जे वर्षानुवर्षे नेमाने फिरायला जातात. पण गप्पा मारीत, एकाच संथ चालीने. ‘एवढे चालतो तरी साखर हलत नाही आणि जिना चढताना धाप लागायची ती लागतेच,’ अशी त्यांची तक्रार असते.

या दोघांनाही उपयोगी पडेल अशी व्यायामाची एक पद्धत आहे. इंग्रजीत तिला ‘हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग’ म्हणतात. आद्याक्षरांवरून ‘हिट’ असे तिचे छोटे नावही रूढ झाले आहे. मोठ्या शहरांतल्या व्यायामशाळांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून हे नाव आता आपल्या गावांपर्यंत पोहोचले आहे. त्याबरोबर गैरसमजही आले आहेत. ‘रोज चार मिनिटे उड्या मारा आणि निरोगी व्हा’ असे सांगणारे भेटतात, तसे ‘असल्या व्यायामाने माणूस जागेवर जातो’ असे सांगणारेही भेटतात. या पद्धतीत खरे काय आहे, तिचा फायदा कोणाला आणि धोका कोणाला, हे आज समजून घेऊ.

ही पद्धत म्हणजे काय?

सिनेमाच्या मध्यंतराला आपण इंटरव्हल म्हणतो, तोच हा शब्द. थोडा वेळ जोराचा व्यायाम करायचा, मग थोडा वेळ हलका व्यायाम किंवा विश्रांती, नंतर पुन्हा जोराचा. असे आलटून-पालटून ठरावीक वेळा करायचे, एवढीच ही पद्धत. यातला जोराचा भाग काही सेकंदांचा असू शकतो किंवा तीन-चार मिनिटांचाही. नाव नवे असले तरी प्रकार आपल्याला अनोळखी नाही. कबड्डीत चढाई करणारा गडी जेमतेम तीस सेकंद जीव तोडून खेळतो आणि परत आला की श्वास सावरतो. खो-खोत पाठलाग करणारा काही क्षण सुसाट धावतो, खो देतो आणि बसतो. हे खेळ खेळणाऱ्या मुलांचा दम चांगला असतो, त्याचे एक कारण या आलटण्यात आहे.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ‘जोराचा’ याचा अर्थ प्रत्येकासाठी निराळा आहे. वीस वर्षांच्या मुलाला जोराचा व्यायाम म्हणजे धावणे. पासष्टीच्या गृहस्थांना तोच परिणाम झपाझप चालण्याने मिळतो. हृदयाला आणि स्नायूंना शेजाऱ्याचा वेग कळत नाही, त्यांना फक्त स्वतःवर पडलेला ताण कळतो. म्हणून दुसऱ्याच्या बरोबरीने धावण्याची या व्यायामात मुळीच गरज नाही.

धावपट्टीवरून प्रयोगशाळेत

ही पद्धत १९३० च्या दशकात जर्मनीत आकाराला आली. वोल्डेमार गेर्शलर हे धावपटूंचे प्रशिक्षक आणि डॉ. राइन्डेल हे हृदयरोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून असा नियम बसवला की, खेळाडूने थोडे अंतर जोरात धावून नाडी मिनिटाला १८० पर्यंत न्यावी आणि ती १२० वर उतरली की पुन्हा धावावे. ती दीड मिनिटात उतरली नाही, तर धावणे प्रमाणाबाहेर झाले असे समजावे. हृदयाला खरा फायदा धावताना नव्हे, तर मधल्या विसाव्यात होतो, असे त्यांचे मत होते. या पद्धतीला नावसुद्धा धावण्यावरून नव्हे, त्या विसाव्यावरूनच पडले. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली मिलान येथे ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत कापले. तो जागतिक विक्रम पुढे १६ वर्षे टिकला.

त्यानंतर चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक एकाच दिवशी कित्येक वेळा ४०० मीटर जोरात आणि मध्ये हळूहळू धावून सराव करीत असे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यतींत त्याने सुवर्णपदक मिळवले. इंग्लंडचा रॉजर बॅनिस्टर हा तर वैद्यकीय शिक्षण घेणारा विद्यार्थी. त्याला सरावाला वेळ कमीच मिळे. दुपारच्या सुट्टीत जाऊन तो पाव मैलाच्या दहा फेऱ्या मध्ये दोन-दोन मिनिटे थांबून धावे. ६ मे १९५४ रोजी त्याने एक मैल अंतर चार मिनिटांच्या आत पार केले. असे करणारा जगातला तो पहिला माणूस. वेळ नाही म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

पुढे संशोधकांनी ही पद्धत प्रयोगशाळेत तपासली. जपानमध्ये इझुमी ताबाता यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास फार गाजला. व्यायामाची सवय असलेल्या तरुणांच्या एका गटाने रोज एक तास मध्यम वेगाने सायकल मारली. दुसऱ्या गटाने वीस सेकंद जीव तोडून आणि मध्ये दहा सेकंद थांबून अशा सात-आठ फेऱ्या मारल्या. म्हणजे व्यायाम साधारण चार मिनिटांचाच. आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा आठवड्यांनंतर दोन्ही गटांची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढली. दुसऱ्या गटाची मात्र अचानक जोर लावण्याची ताकदही सुमारे २८ टक्क्यांनी वाढली. मोबाइलवर दिसणारे ‘चार मिनिटांचे व्यायाम’ इथूनच आले. पण हे तरुण तयारीचे होते आणि व्यायाम संपताना अगदी गळून जात होते, ही गोष्ट त्या चित्रफितींत सांगितली जात नाही.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला यांनी बैठे जीवन जगणाऱ्या पुरुषांवर प्रयोग केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास मध्यम वेगाने सायकल मारली. दुसऱ्या गटाने तीनच दिवस, दर वेळी फक्त दहा मिनिटे व्यायाम केला. त्यात वीस-वीस सेकंदांच्या तीन जोराच्या फेऱ्या आणि बाकी वेळ हलके पायडल. बारा आठवड्यांनी पाहिले तेव्हा दोन्ही गटांचा दम सारखाच, सुमारे १९ टक्क्यांनी वाढला होता.

आपल्या कामाचा प्रयोग

आपल्या वाचकांना सर्वांत उपयोगी पडेल असा प्रयोग मात्र ना धावण्याचा आहे, ना सायकलचा. तो चालण्याचा आहे. जपानच्या मात्सुमोतो शहरातल्या शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन आणि वृद्ध स्त्री-पुरुषांवर तो केला आणि २००७ साली प्रसिद्ध केला. सहभागी झालेल्या २४६ जणांचे सरासरी वय ६३ होते आणि त्यांत स्त्रियांची संख्या बरीच जास्त होती. काहींनी नेहमीचे दैनंदिन आयुष्य चालू ठेवले. काही जण मध्यम चालीने दिवसाला आठ हजार पावले चालले. तिसरा गट तीन मिनिटे भरभर आणि तीन मिनिटे सावकाश, असा आलटून-पालटून चालला. अशा निदान पाच जोड्या म्हणजे अर्धा तास, आठवड्यातून किमान चार दिवस.

पाच महिन्यांनी तिसऱ्या गटाच्या मांडीच्या स्नायूंची ताकद १३ ते १७ टक्क्यांनी वाढली. दम ८ ते ९ टक्क्यांनी वाढला. रक्तदाबाचा वरचा आकडाही सर्वांत अधिक याच गटात उतरला. मध्यम चालीने चालणाऱ्यांत एवढा फरक दिसला नाही. डेन्मार्कमधल्या कोपनहेगन येथे २०१३ साली मधुमेहाच्या थोड्या रुग्णांवर असाच प्रयोग झाला. दोन्ही गट आठवड्यातून पाच दिवस, रोज तासभर चालत होते. चार महिन्यांनंतर आलटून-पालटून चालणाऱ्यांचे वजन उतरले, दम वाढला आणि साखरेवरचा ताबा सुधारला. एकाच चालीने चालणाऱ्यांत असा बदल आढळला नाही. आपल्या संथ फिरणाऱ्या मंडळींच्या तक्रारीचे उत्तर इथे मिळते. त्यांचे चालणे वाया जात नाही, पण त्यात मधूनमधून वेग घालायला हवा.

शरीरात काय घडते?

१) हृदय : हृदय हा एक पंप आहे. जोराच्या व्यायामात स्नायू जास्त रक्त मागतात. ही मागणी वारंवार आली की, एका ठोक्यात अधिक रक्त बाहेर टाकण्याची सवय हृदयाला लागते. मग तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात. नियमित व्यायाम करणाऱ्यांची विश्रांतीतली नाडी सावकाश चालते, ती यामुळे.

२) स्नायू : स्नायूंच्या पेशींत तंतुकणिका असतात. प्राणवायूच्या साहाय्याने साखर आणि चरबी यांपासून ऊर्जा तयार करण्याचे काम त्या करतात. जोराच्या व्यायामाने त्यांचे प्रमाण आणि काम दोन्ही वाढते. शिवाय स्नायूंत मंद आणि जलद असे दोन प्रकारचे तंतू असतात. संथ चालण्यात जलद तंतूंना फारसे काम पडत नाही. वय वाढते तसे हेच तंतू जास्त झिजतात. ठेच लागली असता पटकन तोल सावरणे, बसल्या जागेवरून हाताचा आधार न घेता उठणे ही कामे त्यांच्या जोरावर होतात. म्हाताऱ्या माणसांनाही थोडा वेग हवा तो यासाठी.

३) साखर : काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनच्या मदतीशिवायही उचलू शकतो. व्यायाम संपल्यावरही एक-दोन दिवस स्नायू इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. म्हणूनच मधुमेहींनी लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खाडा करू नये, असे सांगितले जाते.

४) वेळेची बचत : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम हवा, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा. म्हणजे जोराचे एक मिनिट मध्यम व्यायामाच्या दोन मिनिटांच्या बरोबरीचे धरले आहे. दोन्हींची सरमिसळही चालते.

अतिशयोक्ती नको

ही पद्धत चांगली आहे, पण जादूची कांडी नव्हे. व्यायाम संपल्यावरही तासन् तास चरबी जळत राहते असा प्रचार केला जातो. तो परिणाम असतो, पण फार थोडा. वजन कमी करण्याच्या बाबतीत एकंदर अभ्यास पाहता ही पद्धत साध्या नियमित व्यायामापेक्षा फारशी सरस ठरलेली नाही. वजन उतरायचे तर ताटाकडे लक्ष द्यावेच लागेल. फेरीनंतर दोन भजी आणि गोड चहा घेतला, तर हिशेब बरोबरीत सुटतो.

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात ७० ते ७७ वर्षांच्या दीड हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांचा पाच वर्षे अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. देखरेखीखाली व्यायाम करणारे आणि सरकारी सल्ल्याप्रमाणे आपापला व्यायाम करणारे यांच्या मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. तात्पर्य, साधा पण नियमित व्यायाम करणारा माणूसही कमी फायद्यात नसतो. जोराचा व्यायाम झेपत नसेल त्याने चालणे सोडू नये.

धोका कोणाला?

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. १९९३ साली अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या बाराशेंहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कष्टाच्या श्रमानंतरच्या एका तासात झटका येण्याची शक्यता किती वाढते, हे त्यात पाहिले होते. आठवड्यातून पाच किंवा अधिक दिवस व्यायाम करणाऱ्यांत ती सुमारे अडीच पटीने वाढत होती. क्वचितच हालचाल करणाऱ्यांत मात्र ती शंभर पटींहून अधिक वाढत होती. एका तासापुरता हा धोका मुळात लहानच असतो, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण याचा अर्थ स्पष्ट आहे. वर्षभर खुर्चीत बसलेल्या माणसाने एके दिवशी अचानक जीव तोडून धावणे, हा व्यायाम नव्हे, जुगार आहे. आणि हाच माणूस हळूहळू सवय लावून घेईल, तर तोच धोका कितीतरी कमी होतो.

पुढील व्यक्तींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचा व्यायाम सुरू करू नये :

१) चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब, जळजळ किंवा जखडल्यासारखे वाटते, चक्कर येते किंवा प्रमाणाबाहेर धाप लागते असे लोक.

२) पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेले, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेले, झडपेचा आजार असलेले.

३) रक्तदाब १६०/१०० च्या वर राहत असलेले. आधी तो औषधाने आटोक्यात आणावा.

४) मधुमेही, विशेषतः आजार जुना असेल, डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला असेल किंवा पायांची संवेदना कमी झाली असेल तर.

५) घरात वडील, भाऊ अशा जवळच्या माणसाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल तर. ही गोष्ट तरुण मुलांनाही लागू आहे.

६) गरोदर स्त्रिया, आणि गुडघ्याचे किंवा पाठीचे दुखणे असलेले.

चाळिशी उलटलेल्या आणि व्यायामाची सवय नसलेल्या प्रत्येकाने आधी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. तंबाखू, मिश्री, विडी-सिगारेट यांचे सेवन करणाऱ्यांनी तर ती टाळूच नये. मात्र नुसता कार्डिओग्राम चांगला आला म्हणजे परवाना मिळाला असे समजू नये. विश्रांतीत काढलेल्या कार्डिओग्राममध्ये अडथळा दिसतोच असे नाही. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सर्व सांगावे.

व्यायाम करताना छातीत दुखणे, ते दुखणे हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, असे काही झाल्यास तत्काळ थांबावे. ‘गॅस झाला असेल’ म्हणून घरी जाऊन पडू नये. पाच-दहा मिनिटेही न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. ताप, सर्दी-खोकला, जुलाब असताना आणि डेंग्यूसारख्या आजारातून उठल्यावर लगेच जोराचा व्यायाम करू नये.

सुरुवात कशी करावी?

पहिला टप्पा (चार आठवडे) : आठवड्यातून निदान पाच दिवस, रोज अर्धा तास आपल्या सहज चालीने चालावे. दहा मिनिटांनी सुरुवात करून अर्ध्या तासापर्यंत आले तरी हरकत नाही. हा टप्पा वगळू नये. इमारतीचा पाया तो हाच.

दुसरा टप्पा (पुढचे चार आठवडे) : पाच मिनिटे सावकाश चालून अंग गरम करावे. मग एक मिनिट भरभर, तीन मिनिटे सावकाश अशा पाच जोड्या कराव्यात. हे आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. मधल्या दिवशी नेहमीचे चालणे चालू ठेवावे.

तिसरा टप्पा : भरभर चालण्याचा वेळ दर आठवड्याला अर्ध्या मिनिटाने वाढवीत तीन मिनिटांवर आणावा. तीन मिनिटे भरभर, तीन मिनिटे सावकाश, अशा पाच जोड्या. आठवड्यातून चार दिवस. शेवटी पाच मिनिटे हळू चालूनच थांबावे. जोरात चालून एकदम उभे राहिल्यास रक्त पायांत साठते आणि चक्कर येऊ शकते.

भरभर म्हणजे किती? त्याची सोपी कसोटी बोलण्याची. भरभर चालताना एक-दोन शब्द बोलता यावेत, पण पूर्ण वाक्य एका दमात बोलता येऊ नये. सावकाश चालताना मात्र गप्पा मारता आल्या पाहिजेत. तीन मिनिटांच्या विसाव्यानंतरही बोलता येत नसेल, तर वेग जास्त झाला. पुढच्या वेळी तो कमी करावा.

नाडीवरूनही अंदाज घेता येतो. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून पंधरा सेकंदांतले ठोके मोजावेत आणि चाराने गुणावे. २२० मधून वय वजा केले की नाडीची कमाल मर्यादा ढोबळमानाने मिळते. ५० वर्षांच्या माणसाची ती १७० धरावी. भरभर चालताना नाडी त्याच्या ७० ते ८५ टक्के, म्हणजे १२० ते १४५ च्या दरम्यान असली की पुरे. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी औषधे घेणाऱ्यांची नाडी व्यायामातही फारशी वाढत नाही. त्यांनी नाडीवर विसंबू नये, बोलण्याची कसोटीच पाळावी.

पायात चांगले कॅनव्हासचे किंवा स्पोर्ट्सचे बूट असावेत. चप्पल-स्लिपर घालून भरभर चालल्याने टाचा दुखतात आणि घसरण्याचाही धोका असतो. उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वीच व्यायाम उरकावा आणि पाणी पिऊन निघावे.

वाचकांच्या नेहमीच्या शंका

बाहेर पडणे शक्य नसेल तर? गच्चीवर किंवा अंगणात चालावे. दुमजली घर असेल, तर जिना हे उत्तम साधन आहे. एक जिना बेताच्या वेगाने चढावा, सावकाश उतरावा, श्वास सावरला की पुन्हा. गुडघे दुखत असतील त्यांनी जिना टाळावा. ब्रिटनमधल्या २५ हजारांहून अधिक, वेगळा व्यायाम न करणाऱ्या लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारे यंत्र बांधून केलेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. दिवसातून तीन वेळा एक-दोन मिनिटे जोराची हालचाल, उदाहरणार्थ झरझर जिना चढणे, ज्यांच्याकडून होत होती, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सुमारे ३८ ते ४० टक्के कमी आढळले. यामागे इतर कारणेही असू शकतात, पण दिशा चुकीची नाही.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी काय करावे? मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. रोज पूर्ण अंतर जीव तोडून धावल्याने पोटऱ्या आणि नडगी दुखावते आणि वेळ सुधारत नाही. आठवड्यातून दोनच दिवस ४०० मीटरच्या चार ते सहा फेऱ्या, मध्ये दोन-तीन मिनिटे हळू चालून कराव्यात. बाकीचे दिवस सावकाश लांब धावावे आणि एक दिवस पूर्ण सुट्टी घ्यावी. महिनाभर आधी अचानक सुरुवात करू नये. ताकदीच्या गोळ्या आणि इंजेक्शने यांच्या नादी तर मुळीच लागू नये.

दुसऱ्या दिवशी अंग दुखते, ते लॅक्टिक आम्लामुळे का? नाही. ते आम्ल तास-दीड तासात निवळते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे दुखणे हे सवय नसलेल्या स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचे असते आणि आपोआप बरे होते. सांधा सुजला किंवा एकाच जागी टोचून दुखू लागले, तर मात्र दाखवावे.

मधुमेहींनी कोणती काळजी घ्यावी? इन्शुलिन घेणाऱ्यांनी किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी जोराचा व्यायाम करू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज बाळगावे. साखर १०० च्या खाली असेल, तर आधी काही खावे. २५० च्या वर असेल आणि बरे वाटत नसेल, तर त्या दिवशी व्यायाम टाळावा. रोज रात्री पायांचे तळवे पाहावेत. बोटांच्या बेचक्या विसरू नयेत.

रोज जोराचा व्यायाम केला तर लवकर फायदा होईल का? होणार नाही. स्नायू आणि हृदय सुधारतात ते विश्रांतीच्या काळात. शिवाय रोज अंग मोडेपर्यंत व्यायाम केला, तर तो पंधरा दिवसांत सुटतो. व्यायामाचा फायदा तो चालू असेपर्यंतच टिकतो. काही आठवड्यांचा खाडा पडला की कमावलेला दम उतरू लागतो. म्हणून झेपेल तेवढाच पण वर्षभर करावा.

थोडक्यात

आधी महिनाभर साधे चालावे. तपासणी करून घ्यावी. मग थोडा वेळ भरभर, थोडा वेळ सावकाश. भरभर चालताना स्पर्धा करू नये आणि सावकाश चालताना घाई करू नये, कारण विसावा हाही व्यायामाचाच भाग आहे. याला ना पैसे लागतात ना साहित्य. आठवड्यातून चार दिवस, अंग गरम करणे आणि निववणे धरून चाळीस-चाळीस मिनिटे काढली, की काम भागते. सोबतीला मित्र किंवा घरातले कोणी असेल तर बरेच. त्यांच्याशी गप्पा मारायला सावकाश चालण्याची तीन मिनिटे आहेतच!